फोर-व्हील ड्राइव्ह व्हॅन आणि तिच्या पोटाखालची जागा

फोर-व्हील ड्राइव्ह व्हॅन घेताना अनेकांची अशी समजूत असते की चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळाली म्हणजे कच्च्या रस्त्याची काळजी मिटली. चारही चाके फिरल्याने जमिनीवरची पकड वाढते हे खरे, पण त्या पकडीचा गाडीच्या पोटाखालच्या मोकळ्या जागेशी काहीच संबंध नसतो. उलट दुसरे डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारी गिअरची पेटी), प्रोपेलर शाफ्ट (पुढून मागे ताकद नेणारा लांब दांडा), कपलिंग किंवा ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारे भाग) हे जास्तीचे भाग त्याच जागेत बसवावे लागत असल्यामुळे फोर-व्हील ड्राइव्ह व्हॅन खालून साध्या व्हॅनपेक्षा अधिक दाटलेली असते. मी अशी एक बुटकी व्हॅन गेली काही वर्षे आवडीने वापरत आहे, आणि या काळात माझे एक मत पक्के होत गेले आहे: ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे ही पोटाखालची जागा, कमी असण्यावर गाडी उचलून घेणे, म्हणजे सस्पेन्शन बदलून तिचे शरीर कायमचे वर नेणे, हा उपाय आहे, पण तो सर्वांत शेवटचा. त्याच्या आधी करण्यासारखे इतके काही आहे की पुष्कळांना त्या शेवटच्या उपायापर्यंत जाण्याची गरजच पडणार नाही.

व्हॅन बुटकी का असते हे आधी समजून घेतले पाहिजे. व्हॅनचा जन्म माल आणि माणसे वाहण्यासाठी झालेला आहे. सामान चढवणाऱ्याला तळ जितका खाली तितका बरा, आत उभे राहायला छत उंच हवे आणि एवढी उंच पेटी वळणावर कलू नये म्हणून तिचा भार जमिनीजवळ हवा. या तिन्ही गरजा गाडीला खाली ओढतात. काही कारखान्यांनी या ओढीविरुद्ध जाऊन मुद्दाम उंच व्हॅन बनवल्या. १९८२ मध्ये आलेल्या मित्सुबिशी डेलिका फोर-व्हील ड्राइव्हने त्याच कंपनीच्या पजेरोची यंत्रणा उचलली. फोक्सवागनच्या तिसऱ्या पिढीच्या ट्रान्सपोर्टरची सिंक्रो ही फोर-व्हील ड्राइव्ह आवृत्ती १९८५ पासून ऑस्ट्रियातल्या ग्राझ येथे श्टायर-डाइमलर-पुख या कंपनीकडे तयार होत असे, आणि तिच्यात १६ इंची चाकांचा एक अधिक उंच व मजबूत प्रकारही होता. मर्सिडीज स्प्रिंटरच्या दुसऱ्या पिढीतील फोर-बाय-फोर आवृत्ती साध्या स्प्रिंटरपेक्षा पुढे सुमारे ११० मिलिमीटर आणि मागे सुमारे ८० मिलिमीटर उंच होती. पण बाकीच्या अनेक व्हॅनमध्ये फोर-व्हील ड्राइव्ह येते ते बर्फाळ डांबरी रस्ता, ओले गवत, निसरडा चढ एवढ्यासाठीच, आणि तळाची उंची जवळपास साध्या व्हॅनइतकीच ठेवलेली असते. हा लेख या दुसऱ्या प्रकारच्या व्हॅनबद्दल आहे.

पत्रकात छापलेला ग्राउंड क्लिअरन्सचा आकडा पाहून कोणताही निर्णय घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. तो आकडा गाडीखालच्या एका, सर्वांत खालच्या बिंदूचा असतो आणि अनेकदा गाडी रिकामी असतानाचा असतो. तो बिंदू नेमका कोणता, हे पत्रक सांगत नाही. मागच्या डिफरन्शियलची जाड बीडाची पेटी जमिनीपासून १८० मिलिमीटरवर असणे आणि इंजिनाचे ऑइल चेंबर, म्हणजे त्याच्या तळाचे तेलाचे भांडे, १८० मिलिमीटरवर असणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, कारण पहिली पेटी दगडाला घासली तर ओरखडा पडेल, आणि दुसरे फुटले तर सगळे तेल मिनिटभरात वाहून जाऊन इंजिनच संपेल.

शिवाय व्हॅनच्या बाबतीत या आकड्याइतकेच, किंबहुना त्याहून जास्त महत्त्व पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतराला आहे. उंचवट्यावरून जाताना पुढची चाके पलीकडे उतरलेली आणि मागची अजून अलीकडे असतात तेव्हा मधले पोट टेकते, आणि ते किती तीव्र उंचवट्यावर टेकेल हे उंची आणि चाकांमधले अंतर या दोहोंच्या प्रमाणावर ठरते. हिशेब सोपा आहे. चाकांमध्ये २,४०० मिलिमीटर अंतर असलेल्या आखूड जीपचे पोट १८० मिलिमीटर उंच असेल तर तिला सुमारे १७ अंशांचा उंचवटा ओलांडता येतो. तितकीच उंची असलेल्या पण ३,००० मिलिमीटर लांब अंतराच्या व्हॅनला तो कोन १४ अंशांच्या जरा आतच मिळतो. आता तीच व्हॅन सामानाने भरली आणि स्प्रिंग दबून पोट ५० मिलिमीटर खाली आले, की कोन १० अंशांवर येतो. म्हणजे ज्या उंचवट्यावरून आखूड जीप सहज निघून जाते त्यावर व्हॅन पोटावर बसते, आणि पत्रकात मात्र दोघींचा आकडा एकच असतो. पुढच्या बंपरचा आणि मागच्या शेपटीचा कोनही असाच वेगळा पाहावा लागतो. व्हॅनचा मागचा भाग चाकांच्या पलीकडे बराच लांब गेलेला असतो, आणि त्याखाली टो हुक, सायलेन्सरचे टोक आणि पुष्कळदा स्टेपनीही लटकत असते.

म्हणून माझ्या मते पहिले काम गाडीखाली शिरण्याचे आहे. गाडी सपाट जागी, पूर्ण भरलेली, म्हणजे प्रवासाला निघताना जशी असते तशी, पाण्याची टाकी आणि डिझेलसह उभी करावी आणि चटईवर आडवे होऊन टॉर्चच्या उजेडात एकेक भाग जमिनीपासून मोजावा. ऑइल चेंबर, गिअरबॉक्स, पुढचे डिफरन्शियल, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा, खूप तापणारा डबा), प्रोपेलर शाफ्ट, त्याचे मधले बेअरिंग, डिझेलची टाकी, नव्या डिझेल गाडीत असेल तर अ‍ॅडब्लूची (धूर शुद्ध करण्यासाठी लागणाऱ्या द्रवाची) टाकी, ब्रेकच्या नळ्या, मागचे डिफरन्शियल, शॉक अ‍ॅब्सॉर्बरची खालची टोके. प्रत्येकाची उंची, तो डावीकडे आहे की उजवीकडे, आणि तो धक्का सोसेल की नाही, हे एका कागदावर गाडीचा आराखडा काढून लिहावे. गाडी चालवताना खालचे काहीच दिसत नसते. हा आराखडा डोक्यात असला तरच समोरचा दगड गाडीच्या कोणत्या बाजूने काढायचा हे ठरवता येते. राहण्यासाठी आतून सजवलेल्या व्हॅनमध्ये सर्वांत खालचा भाग अनेकदा कारखान्याने बसवलेला नसतोच. सांडपाण्याची टाकी, गॅसची टाकी, हीटरचा धूर सोडणारी नळी आणि तिचे कंस हे भाग सजावट करणाऱ्याने जागा मिळेल तिथे टांगलेले असतात. एक कंस फिरवून किंवा टाकी दोन आडव्या पट्ट्यांच्या मध्ये वर सरकवून जी उंची फुकट मिळते ती पुढे मोठा खर्च करून मिळणाऱ्या उंचीइतकी असू शकते. बाजूच्या पायऱ्या, लांब मडफ्लॅप आणि कच्च्या रस्त्यावर कामाचा नसलेला टो हुकचा गोळा यांचेही तेच. मात्र इंजिनाखालचे प्लास्टिकचे आवरण आणि बंपरखालची पट्टी विचार न करता काढू नये, कारण रेडिएटरकडे हवा वळवण्याचे काम त्या अनेकदा करत असतात.

यानंतरचा विषय वजनाचा. चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या व्हॅनमध्ये सामानाचा प्रत्येक किलो पोट खाली आणतो. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, आणि ते गाडीच्या एका टोकाला असले तर तेच टोक दबते. कच्चा रस्ता सुरू होण्याआधी पाणी अर्धे करणे, छतावरचे सामान आत घेणे आणि जड वस्तू दोन्ही आसांच्या मध्ये ठेवणे या गोष्टी साध्या आहेत, पण त्यांनी मिळणारी उंची खरी असते. जुन्या व्हॅनमध्ये तर स्प्रिंग किंवा पाटे वर्षानुवर्षे भार वाहून बसलेले असतात, आणि मालकाला वाटते की गाडी मुळातच एवढी बुटकी आहे. हे तपासण्यासाठी जमिनीपासून मोजू नये, कारण टायरची झीज आणि हवा आकडा बदलते. चाकाच्या केंद्रापासून चाकावरच्या कमानीच्या कडेपर्यंत मोजावे आणि कारखान्याच्या दुरुस्ती-पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडून पाहावे. बसलेल्या स्प्रिंग बदलून मूळ उंची परत मिळवणे हे गाडी उचलणे नव्हेच. कारखान्याने दिलेली उंचीच आपण परत घेत असतो, आणि तिच्यासोबत कोणताही दुष्परिणाम येत नाही. गाडी कायम भरलेलीच राहणार असेल तर अधिक भाराच्या स्प्रिंग किंवा मागे हवेचे फुगे बसवणे योग्य ठरते. फक्त एक लक्षात ठेवावे: मागे अखंड आस, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकच कडक आस, असेल तर स्प्रिंग कितीही चढवल्या तरी शरीर वर जाईल, पण डिफरन्शियल तिथेच राहील, कारण ते थेट चाकांना बांधलेले आहे. त्याला वर नेणारी गोष्ट एकच, आणि ती म्हणजे टायर.

टायर मोठे केल्याने व्यास जितका वाढतो त्याच्या निम्मीच उंची मिळते, आणि हा हिशेब पुष्कळांच्या अपेक्षेपेक्षा कंजूष निघतो. २१५/६५ आर १६ मापाच्या टायरचा व्यास सुमारे ६८६ मिलिमीटर होतो आणि २२५/७० आर १६ चा सुमारे ७२१; म्हणजे गाडी १८ मिलिमीटरच्या आत-बाहेर वर येते. पण हे १८ मिलिमीटर आसापासून बंपरपर्यंत सगळ्याच गाडीला मिळतात, म्हणून मी त्यांची किंमत मोठी मानतो. त्या बदल्यात चाकाचा घेर पाच टक्क्यांनी वाढतो: स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा पूर्वीइतका जास्त दाखवत नाही आणि कदाचित कमीही दाखवू लागतो, आणि सगळे गिअर पाच टक्क्यांनी लांब होतात. लो-रेंज, म्हणजे अगदी हळू चालण्यासाठीचे जास्तीचे गिअर, असलेल्या गाडीला हे जाणवत नाही. पण बहुतेक बुटक्या व्हॅनना लो-रेंज नसते, त्यामुळे दगडांवरून अगदी हळू चढताना पहिला गिअरसुद्धा वेगवान वाटू लागतो आणि क्लच अर्धा दाबून चालवण्याची वेळ येते. मग क्लच जळतो. टायर निवडताना भारांक (टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा) मूळ टायरपेक्षा कमी असता कामा नये, चाक पूर्ण वळवून आणि स्प्रिंग पूर्ण दाबून कमानीत कुठे घासत नाही हे पाहावे, आणि चारही टायर एकाच मापाचे, एकाच बनावटीचे, जवळपास सारख्याच झिजीचे ठेवावेत. सिंक्रोमधले घट्ट द्रवावर चालणारे व्हिस्कस कपलिंग असो की नंतरच्या ट्रान्सपोर्टरमधले हाल्डेक्स कपलिंग, पुढच्या-मागच्या चाकांच्या घेरात फरक पडला तर सपाट रस्त्यावरही कपलिंगला तो फरक सतत गिळत बसावे लागते आणि ते तापून लवकर निकामी होते.

टायरच्या हवेचा विचार मात्र उंचीच्या उलट दिशेने जातो असे वाटते, आणि इथे थोडे थांबायला हवे. हवा कमी केली की टायर चपटा होतो आणि गाडी एक-दोन सेंटिमीटर खाली येते. मग ज्याला उंचीची चणचण आहे त्याने हवा का सोडावी? उत्तर जमिनीवर अवलंबून आहे. वाळू, चिखल किंवा मऊ बर्फात गाडीची उंची मुख्यतः टायरमुळे जात नाही, ती चाके रुतल्यामुळे जाते. व्हॅन जड असते, आणि अनेक व्हॅनच्या मागच्या चाकांत पूर्ण भारासाठी ५० पीएसआयच्या वर हवा सांगितलेली असते. एवढ्या टणक टायरवर ती वाळूत सुरीसारखी उतरते आणि १० सेंटिमीटर रुतली की पोटाखालची निम्म्याहून अधिक जागा संपते. हवा सोडून दोन सेंटिमीटर देणे आणि त्या बदल्यात रुतणे टाळणे हा फायद्याचा सौदा आहे. दगडगोट्यांच्या कठीण वाटेवर मात्र चाक रुतत नाही, तिथे उंची गमावून हाती फारसे लागत नाही आणि टायरची बाजू दगड व रिमच्या मध्ये चिरडण्याचा धोका वाढतो. म्हणून मऊ जमिनीवर हवा मोकळ्या मनाने कमी करावी, दगडांवर थोडीच, आणि डांबरी रस्ता लागताच भरून घ्यावी. कमी हवेवर भरलेली व्हॅन वेगाने पळवली तर टायर आतून तापून फुटतो.

पोट घासणारच हे मान्य केल्यावर ते सुखरूप घासेल अशी व्यवस्था करणे हे मी उंची वाढवण्यापेक्षा वरचे मानतो. पोलादाचा तीन-चार मिलिमीटर जाड किंवा अ‍ॅल्युमिनियमचा पाच-सहा मिलिमीटर जाड संरक्षक पत्रा चेंबरपासून गिअरबॉक्सपर्यंत, आणि जमल्यास टाकी व मागच्या डिफरन्शियलखाली बसवला की तीच वाट वेगळ्या धीराने चालवता येते. पोलाद जड असते, गंजते, पण दगडावरून सरकते. अ‍ॅल्युमिनियम हलके असते, पण मऊ असल्यामुळे दगड त्यात रुतून गाडी अडवू शकतो. जिथे माती आणि पाणी जास्त तिथे अ‍ॅल्युमिनियम, जिथे दगड जास्त तिथे पोलाद, अशी माझी पसंती आहे. पत्र्याची पुढची कड वर वळवलेली हवी, नाहीतर तीच दगडात अडकते. तो सबफ्रेम (इंजिन व सस्पेन्शन धरणारी खालची चौकट) किंवा चासीच्या पट्ट्यांना बोल्टने धरलेला हवा, म्हणजे धक्का चेंबरपर्यंत पोहोचणार नाही, आणि चेंबर व पत्रा यांच्यात थोडे अंतर हवे. तेल बदलण्यासाठी आणि साचलेला चिखल धुऊन काढण्यासाठी भोके ठेवावीत. पत्रा स्वतःही थोडी उंची खातो आणि वजन वाढवतो, म्हणून सगळे पोट पत्र्याने मढवण्यात अर्थ नाही. आपल्या आराखड्यात जे भाग नाजूक आणि खालचे म्हणून नोंदले तेवढेच झाकावेत.

आता गाडी उचलण्याबद्दल. स्प्रिंगखाली तबकडी घालून किंवा उंच स्प्रिंग लावून शरीर वर नेले की स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये चाक आणि डिफरन्शियल यांना जोडणारे ड्राइव्हशाफ्ट तिरके होतात. त्यांच्या टोकांचे सीव्ही जॉइंट, म्हणजे वाकूनही फिरणारे सांधे, ठरावीक कोनापर्यंत आनंदाने फिरतात. त्यापुढे रबरी बूट सुरकुत्यांवर चिरतात, ग्रीस बाहेर जाते, वाळू आत येते आणि वेग घेताना थरथर जाणवू लागते. तबकडी घातल्याने चाकाची एकूण हालचाल वाढत नसते. चाक फक्त आधीच खालच्या टोकाजवळ आलेले असते, आणि खड्ड्यात चाक खाली सोडायला जागाच उरत नाही. मग खड्ड्यातले चाक अधांतरी राहते आणि ज्या पकडीसाठी फोर-व्हील ड्राइव्ह घेतली तीच हरवते. यावर उपाय म्हणून सबफ्रेम आणि शरीर यांच्यात तबकड्या घालून इंजिन-गिअरबॉक्स-डिफरन्शियल यांना पुन्हा खाली आणले जाते. त्याने शाफ्टचे कोन सुधारतात हे निर्विवाद आहे, पण मग चेंबर जिथल्या तिथे राहते. बंपर आणि दारांखालची कड वर गेली, उंचवट्याचा कोन सुधारला, पण मधला दगड चेंबरला पूर्वीसारखाच लागणार. विकत घेण्याआधी हे नीट विचारून घ्यावे, कारण ‘५० मिलिमीटर लिफ्ट’ असे म्हणणारा विक्रेता हे ५० मिलिमीटर गाडीच्या कोणत्या भागाला मिळतात ते क्वचितच स्वतःहून सांगतो.

इतर परिणामही आहेत. प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या सांध्यांचे कोन सारखे असावे लागतात, तरच एका सांध्यातली वेगाची चढउतार दुसरा खोडून काढतो. ते बिघडले की तळातून घोंघावणारा कंप येतो. काही जुन्या व्हॅनमध्ये मागच्या ब्रेकचा दाब भारानुसार कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह आसाला दांड्याने जोडलेला असतो. शरीर वर नेले की त्याला गाडी रिकामी असल्याचे भासते आणि तो मागचे ब्रेक कमजोर करतो. तो पुन्हा जुळवणे जिवाच्या दृष्टीने आवश्यक आहे. ब्रेकचे रबरी पाइप आणि एबीएसच्या वायरी चाक पूर्ण लटकल्यावर ताणल्या जात नाहीत ना, हे पाहावे. व्हील अलाइनमेंट आणि हेडलाइटची दिशा पुन्हा जुळवावी, समोर रडार किंवा कॅमेरा असेल तर त्याचेही मापन नव्याने करावे लागते. आणि एवढे सगळे करून उंच, अरुंद गाडीचा भार आणखी वर गेलेला असतो. स्वतंत्र सस्पेन्शनच्या व्हॅनला मी ३० ते ४० मिलिमीटरच्या पुढे नेणार नाही, आणि तेही नव्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरसह जुळवून तयार केलेल्या पूर्ण संचानेच. असे बदल आपल्या नोंदणीच्या आणि विम्याच्या नियमांत बसतात का, हे आधी लेखी विचारून ठेवावे.

चालवण्याची पद्धत हा माझ्या दृष्टीने सर्वांत श्रीमंत भाग आहे, कारण एकही सुटा भाग न बदलता यातून सर्वाधिक मिळते. पहिली गोष्ट वेग. गाडी उसळून खाली येते तेव्हा स्प्रिंग दबून पोट कित्येक सेंटिमीटर खाली जाते. चालण्याच्या वेगाने जी वाट मोकळी असते तीच थोड्या वेगात आदळते. ब्रेकचेही तसेच: ब्रेक लावला की नाक खाली वाकते. म्हणून वेग अडथळ्याच्या आधी कमी करावा आणि पुढचे चाक दगडावर चढण्यापूर्वी ब्रेकवरचा पाय उचललेला असावा. बुटक्या गाड्यांना लागणारे कितीतरी धक्के चालकाने घाबरून ऐन वेळी ब्रेक दाबल्यामुळे लागतात, असे मला दुसऱ्यांच्या गाड्या बाहेरून पाहताना नेहमी दिसते.

दुसरी गोष्ट वाट निवडण्याची. ट्रॅक्टर किंवा ट्रक जाऊन खोल चाकोरी पडली असेल आणि मधला वरंबा आपल्या पोटापेक्षा उंच असेल, तर चाकोरीत उतरायचेच नाही. एका बाजूची चाके मधल्या वरंब्यावर आणि दुसऱ्या बाजूची रस्त्याच्या कडेवर ठेवून चाकोरी पोटाखालून जाऊ द्यावी. कड ढासळणारी नाही आणि वरंबा निसरडा नाही याची पायी खात्री करून मगच. एकटा मोठा दगड मध्ये आला तर तो पोटाखालून काढण्याचा मोह टाळून चाक त्याच्यावर चढवावे, कारण चाकाखालचा दगड गाडी उचलतो आणि चाकांमधला दगड गाडी फोडतो. आडवा चर किंवा उंच गतिरोधक तिरका ओलांडला की एका वेळी एकच चाक खाली-वर होते आणि पोटाला, बंपरला जास्त जागा मिळते. पण तिरके जाण्याची एक किंमत आहे: कर्णरेषेवरच्या दोन कोपऱ्यांतली चाके हलकी होतात किंवा हवेत उचलली जातात, आणि डिफरन्शियल लॉक (दोन्ही चाके एकत्र फिरवणारी कळ) नसेल तर सगळी ताकद त्या अधांतरी चाकांतून वाया जाते. थोड्या गतीच्या जोरावर पार होईल एवढाच तिरकेपणा ठेवावा. आणि उतरता बाजूचा कल असलेल्या जागी उंच व्हॅन तिरकी घालू नये. तिथे पोट घासलेले परवडते.

उतरून चालत जाऊन पाहण्याला पर्याय नाही. मी गाडीत एक काठी ठेवतो, जिच्यावर भरलेल्या गाडीचे चेंबर आणि मागचे डिफरन्शियल यांच्या उंचीच्या दोन खुणा केलेल्या आहेत. संशयास्पद दगडाशेजारी काठी उभी केली की अंदाजाचा प्रश्नच उरत नाही. सोबत कोणी असेल तर त्याने बाजूने, थोडे पुढे आणि चालकाला सतत दिसेल असे उभे राहून हाताने दिशा दाखवावी, आणि बाकीच्यांनी गाडीतून उतरावे. चार माणसे उतरली की अवघड जागी लागते तेवढी उंची पुष्कळदा मिळून जाते. दगड हलवता येत असेल तर हलवावा, खड्डा भरता येत असेल तर दगड टाकून भरावा. या कामाला वेळ लागतो आणि तो लावावा.

इतके करूनही गाडी पोटावर बसली, तर पहिली गोष्ट म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर सोडावा. चाकांवरचा भार जमिनीने पोटाद्वारे घेतलेला असतो, त्यामुळे चाके फिरवून ती आणखी खोल जातात आणि पोट अधिक घट्ट बसते. पोटाखालची माती फावड्याने काढणे हा कष्टाचा पण खात्रीचा मार्ग आहे. जमीन कठीण असेल तर जॅकखाली रुंद फळी ठेवून एकेक चाक उचलावे, त्याखाली सपाट दगड किंवा ट्रॅक्शन बोर्ड (चाकाला पकड देणाऱ्या खडबडीत फळ्या) सरकवावेत आणि पोट मोकळे झाले की आलो त्याच मार्गाने हळू मागे यावे. पुढे काय आहे ते माहीत नसते, मागची वाट पाहिलेली असते. जीपसाठीचा उंच जॅक व्हॅनच्या दारांखालच्या पत्र्याला लावू नये, तो पत्रा चेपतो आणि गाडी निसटते. जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली डोके किंवा हात कधीही घालू नये. दुसऱ्या गाडीने ओढायचे असेल तर दोर कारखान्याने दिलेल्या ओढण्याच्या कडीलाच बांधावा, टो हुकच्या गोळ्याला नव्हे, कारण पोटावर बसलेल्या गाडीचा ओढ साध्या रुतलेल्या गाडीपेक्षा खूप जास्त असतो, आणि तुटलेला गोळा दोरासह गोळीसारखा उडू शकतो.

बुटक्या व्हॅनच्या बाबतीत वाळलेल्या गवताचा धोका मी वेगळा सांगतो, कारण त्याच्याबद्दल कमी बोलले जाते. उंच गाडीखाली जे गवत सायलेन्सरपासून दूर राहते ते बुटक्या गाडीखाली कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला थेट लागते, आणि पत्र्याच्या वर, कानाकोपऱ्यात साठत जाते. डिझेल गाडीत पार्टिक्युलेट फिल्टर आपली काजळी जाळतो तेव्हा आतले तापमान सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत जाते. गुडघाभर सुक्या गवतातून जावे लागले तर थोड्या थोड्या अंतरावर मोकळ्या जागी थांबून खाली पाहावे, अडकलेले गवत लांब आकड्याने ओढून काढावे, अग्निशामक नळकांडे आसनाखालून चटकन काढता येईल अशा जागी हाताशी ठेवावे, आणि मुक्कामासाठी गाडी सुक्या गवतावर कधीही उभी करू नये.

घरी परतल्यावर, गाडी धुण्यापूर्वी, पुन्हा खाली शिरावे. धुतल्यावर ताजे ओरखडे आणि तेलाचे ओले डाग ओळखू येत नाहीत. सीव्ही बूटच्या घड्या हाताने उघडून चीर आहे का पाहावी, पत्र्याचे बोल्ट आवळावेत, ब्रेकच्या नळ्यांवर बोट फिरवावे, सायलेन्सरचे रबरी हुक मोजून घ्यावेत आणि डिफरन्शियलच्या झाकणाभोवती तेल झिरपते का ते पाहावे. मग पत्र्याच्या वरचा चिखल धुवावा, कारण ओला चिखल तिथे राहिला तर सबफ्रेम आतून गंजत जाते. सुरुवातीच्या आराखड्यावर ज्या जागी नवा ओरखडा सापडेल तिथे खूण करावी. काही प्रवासांनंतर त्याच एका जागी खुणा दाटलेल्या दिसू लागल्या, तर पुढचा पैसा कुठे घालायचा ते त्या कागदावरूनच ठरवता येते.